सहावी बरणी

अमरावती, आश्विन वद्य द्वितीया, शके १७८७

किसनराव,

मोठा मायना लिहायला घेतला आणि दोन कागद फाडले, म्हणून नुसतं नाव लिहितो. बायकोच्या थोरल्या भावाला काय म्हणून हाक मारायची, हे दोन वर्षं न बोलल्यावर माणूस विसरतो.

कौशल्या बरी आहे. मीही बराच आहे. पोट सुटलंय, आणि बसलो की दोन मिनिटांत उठावंसं वाटतं, एवढंच. इथे बाजारात सुतक आहे. दूरदेशीची लढाई थांबली, कापसाचा भाव बसला, म्हणून डोळ्याला पंचा लावणारी माणसं बघायची असतील तर अमरावतीच्या कापूसबाजारात यावं. परवा उत्तमराव पंच म्हणाले, "सूर्यभान, ते अमेरिकावाले आनखी दोन वर्सं लढले असते तं त्याइचं काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, "तुमी जाऊन समजावून पाहा. गाडी माही घ्या."

कामाचं लिहितो. भाऊबीज जवळ आली. मागच्या दोन्ही भाऊबिजांना कौशल्येने ताट केलं, अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं आणि ताट धुऊन फळीवर ठेवलं. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. ताट धुतानाचा आवाज मला ऐकू येतो. यंदा तिला तुमच्याकडे बार्शीटाकळीला पाठवू का?

आणि त्या दिवसाचं एकदा माझ्या हाताने लिहून ठेवतो, म्हणजे तुमच्या-माझ्या आठवणीत फरक नको. पौष महिना होता. यानीसाहेब, आपला तो ग्रीक कापूसवाला, अंगात ताप घेऊन मडमेसकट मुंबईला गेला आणि तिथून परभारे आपल्या देशी. गोदामात राहिला त्याचा वहीवाला, इनायतुल्ला. मुंबईहून गोणपाटाचा एक तुकडा आला. सोबत निरोप, की एक गाठ फोडली तर आत ओला कापूस आणि मागल्या सालची कुजकी रुई निघाली, ज्याची ही खूण त्याचा माल बंद करा. खूण साहेबाच्या हातची, काळ्या रंगाने ओढलेली. दोन आडव्या रेघा, मधून एक तिरपी. साहेब आकडे आपल्या मुलखाच्या अक्षरांनी लिहायचा. पहिलं अक्षर म्हणजे एक, दुसरं म्हणजे दोन. दुसऱ्या कोणाला कळू नये हीच त्यातली युक्ती. इनायतुल्लाच्या वहीत माल घालणारे ओळीने होते, तोच ज्याचा त्याचा आकडा. सहावे तुम्ही, सातवा मी. आपली दोघांची ती त्याच्याकडची पहिलीच खेप, आणि रंग लावताना आपण दोघंही तिथे नव्हतो.

खूण वाचायची कोणी, म्हणून पंच एकमेकांकडे बघत बसले. मी म्हटलं, मला येते.

येतच होती. मडम रोज सकाळी गोदामाच्या ओसरीवर इनायतुल्लाच्या बायकोला, गुलनारला, आपली मुळाक्षरं शिकवायची. मी वजनाची वाट बघत पायरीवर बसलेलो असायचो. आवाज कानाने धरला, आकार लांबून पाटीवर पाहिले. महिन्याभरात चोवीसच्या चोवीस पाठ. पहिल्या पाच जणांच्या गाठींशी ताडूनही पाहिलं होतं, एकही चुकलं नव्हतं. म्हणून पंचांसमोर बोटांवर मोजलं: आल्फा, वीता, गामा, देल्ता, एप्सिलोन, झीता. सहा.

तुम्ही म्हणालात, "दाजी मोजतात तं सहाच असन." पागोटं सारखं केलंत, पंचांनी घातलेली दोन हंगामांची बंदी घेतलीत आणि निघालात.

सहज विचारतो, तुमच्या त्या गाठी भरल्या कोणी होत्या?

सूर्यभान


अमरावती, आश्विन वद्य द्वादशी

किसनराव,

तुमची चिठ्ठी पोचली. दोनच ओळी. "गाठी नत्थुजीने भरल्या होत्या. त्याले त्याच हप्त्यात काढला. आता काहून विचारता?"

नत्थुजीला काढलंत हे मला ठाऊक नव्हतं. बारा वर्षं तुमच्या रेच्यावर सरकी काढणारा माणूस. चिठ्ठी वाचून मी उठलो, बाजारात गेलो, काय काम होतं ते आठवेना, परत आलो.

काहून विचारतो ते लिहितो.

यानीसाहेबाच्या जागी आलेल्या नव्या साहेबाने इनायतुल्लाचा पगार अर्ध्यावर आणला. घरातल्या चार वस्तू विकायला काढायच्या होत्या, त्यात मडमेने जाताना गुलनारला दिलेल्या चिनी मातीच्या बरण्या. कौशल्या म्हणाली, लोणच्याला बऱ्या आहेत, बघून या. गेलो. गुलनारने अंगणात ओळीने मांडल्या. आठ बरण्या, प्रत्येकीच्या पोटावर मडमेच्या हातचा आकडा. मला काय, शहाणपणा मिरवायला जागाच मिळाली. पहिलीपासून वाचत निघालो. पाचवीपर्यंत बरोबर. सहावीवर एक भलतंच चिन्ह. विळा उभा धरावा आणि त्याच्या खालच्या टोकाला शेपूट फुटावं तसं. असलं अक्षर मी त्या पाटीवर कधी पाहिलं नव्हतं. सातवीवर दोन आडव्या रेघा, मधून एक तिरपी.

मी म्हटलं, "ही ओळ चुकली. ही सातवी इकडं पाहिजे."

गुलनार म्हणाली, "चुकी नहीं भाई. गिनती बीबी ने लिखी, बरनी मैंने भरी. सातवी में नींबू था, दो साल निकाला मैंने."

"मग हे सहावं कोणतं? तुझ्या पाठात तर कधी ऐकलं नाही."

"पाठ में आता ही नहीं. बीबी बोलती थी, ये हरफ मर गया. बोलने में नहीं, लिखने में नहीं. खाली गिनती में रहता. ऐसे तीन हैं. एक छे का, एक नव्वद का, एक नौ सौ का."

"मेलं तर काढून टाकायचं."

"काढा तो पीछे वाले सबकी गिनती बिगडती ना, भाई."

इनायतुल्ला खाटेवर बसून पान लावत होता. त्याचा हात थांबला. तो माझ्याकडे बघेना आणि मी त्याच्याकडे बघेना. बरण्यांचं काही न ठरवता मी घरी आलो.

आता तुम्हीच सांगा. मी ऐकून शिकलेला माणूस. जे अक्षर कोणी तोंडाने म्हणतच नाही ते मला सापडावं कसं? सहापासून पुढची माझी सगळी गणती एका घराने मागे होती आणि मला सांगणारं कोणी नव्हतं. त्या तुकड्यावरची खूण सहाची नव्हती, सातची होती. चूक झाली, पण प्रामाणिक चूक.

सात म्हणजे मी, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्या वर्षी दवही फार पडलं होतं. सगळ्यांचाच कापूस थोडा सर्द होता.

सूर्यभान


अमरावती, कार्तिक शुद्ध द्वितीया, भाऊबीज

किसनराव,

तुमचं उत्तर नाही. बरोबर आहे. माझं मागचं पत्र मला कोणी पाठवलं असतं तर मीही ते चुलीत घातलं असतं.

दवाचं जे लिहिलं ते खोटं आहे. दव कापसाला बाहेरून लागतं, गाठीच्या पोटात शिरत नाही. मी हमालीतून वर आलेला माणूस. पाठीवर घेतल्याबरोबर गाठ ओली की कोरडी हे मला कळतं, आणि माझी ती गाठ मी स्वतः उचलून पाहिली होती. भरणाऱ्यांना मीच म्हटलं होतं, "मधात थोडं शिंपडा, आन् ती कोपऱ्यातली जुनी रुई पडून हाय तेही जाऊ द्या." सगळेच करून राहिले होते. साहेब गाठ वरूनच चाचपायचा. पहिल्या खेपेला कशाला पाहील, असा माझा हिशेब.

म्हणजे तो तुकडा गोदामात आला तेव्हा गाठ माझीच असेल ही धास्ती मला होती. सहा निघाल्यावर ती गेली. दुसऱ्यांदा मोजावंसं वाटलं नाही. एरवी मी तुळशीच्या मंजिऱ्याही दोनदा मोजतो.

आज संध्याकाळी कौशल्येने पुन्हा ताट केलं. तिला तुमच्याकडे पाठवतो म्हटलं होतं तर म्हणाली, "त्याइनं बोलावलं काय?" ती अंगणात गेली. बीजेची कोर पाहिलीत ना तुम्ही, नखाएवढी. त्या नखाला ती ओवाळत होती आणि तिचा भाऊ तीन दिवसांच्या वाटेवर जिवंत बसलाय. मला राहवेना. ताट हातात असतानाच सगळं सांगून टाकलं. बरण्या, सातवी खूण, पाणी, जुनी रुई.

तिने आधी निरांजन विझू न देता आत नेऊन ठेवलं. मग बाहेर आली.

"मले काहून सांगून राहिले?"

"तुझा भाऊ आहे म्हणून."

"मोजलं कोठी होतं?"

"गोदामात. पंचाइपुढं."

"मंग तेथी सांगा. माह्या अंगनात सांगून तो काय अमरावतीत येते?"

कौशल्या उंचीने माझ्या खांद्याला लागते. आज मला मान वर करून बघावं लागलं.

तेव्हा सोमवारी पंच बसवतो आहे. भीती कशाची वाटते ते लिहितो, हसू नका. पैसा गेला तर मी पुन्हा गाठी उचलीन, पाठ अजून शाबूत आहे. पण बाजारातून जाताना लोक म्हणतात, "सूर्यभानच्या कानाले इचारा," ते मला फार गोड लागतं. लहानपणी मला कोणी नावानेसुद्धा हाक मारत नव्हतं. ए बोजा, म्हणायचे.

सूर्यभान


अमरावती, कार्तिक शुद्ध नवमी

किसनराव,

पंच बसले. जसं झालं तसं लिहितो, माझ्या बाजूने सावरून लिहिलं असं कुठे वाटलं तर गुलनारला विचारा.

गोदामातच बसलो. नव्या साहेबाने जागा दिली आणि आपण टांग्यात बसून कुठेतरी गेला. उत्तमराव मधे, बाकी चौघे बाजूला. इनायतुल्ला आणि गुलनार बरण्या घेऊन आले. सगळ्या आठ. वाटेत एकीचं झाकण फुटलं म्हणून ती नवऱ्यावर चिडलेली होती. बरण्या ओळीने मांडल्या. तो गोणपाटाचा तुकडा इनायतुल्लाने वहीत जपून ठेवला होता, तो सातवीच्या पोटाला लावला. लहान मुलालाही कळलं असतं.

मी पाण्याचं सांगितलं, जुन्या रुईचं सांगितलं, मोजणीचं सांगितलं. पंचांपैकी वामनराव पेंगत होते ते जागे झाले. उत्तमरावांनी तपकीर ओढली, शिंकले, आणि म्हणाले, "सूर्यभान, पानी कोनं नाही मारलं? या पाचाइत हात वर करन असा एक दाखव." सगळे हसले. "आन् मोजनी चुकली तं चुकली. मेलेलं अक्षर तुले काय सपनात दिसन? किसनरावाले मान्सं पाठवू, मानानं बोलावू. तू जेवन दे. झालं."

किसनराव, सुटलो होतो मी. इतकं सोपं. पान पुढे आलं, मी हातही लांब केला. समोर गुलनार सहावी बरणी उचलून पदराने पुसत होती. तिने काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मी पान परत ठेवलं आणि म्हटलं, "मी ऐकलं होतं."

"काय आयकलं होतं?"

"त्या दिवशी. झीता सहा म्हटलं तेव्हा पडद्यामागून ही गुलनार बोलली होती. छे नहीं, सात. हळूच बोलली. तुम्हाला कोणाला ऐकू आलं नाही. मला आलं."

हे मी तुम्हाला तीन पत्रांत लिहिलं नाही. बरण्या पाहिल्यावर कळलं असं लिहिलं. का चुकलं ते बरण्यांवरून कळलं, पण चुकलंय हे मला त्या क्षणीच माहीत होतं. तुम्ही पागोटं सारखं करत होतात. मला वाटलं, आत्ता बोललो तर सात, न बोललो तर सहा. आणि मी खोकलो. तिचा आवाज पुन्हा आला तर झाकला जावा म्हणून.

इनायतुल्ला खाली बघून म्हणाला, "मैंने ही इसको चुप किया था. नौकरी का सवाल था." गुलनार म्हणाली, "मैं दुबारा बोली थी. खांसी में गया."

उत्तमरावांनी पानाचं तबक मागे घेतलं. हसणं संपलं होतं. बराच वेळ चौघांशी कुजबुजले. सगळं मला ऐकू येत होतं, आणि यावेळी मी कान झाकून बसलो. मग म्हणाले, "जे किसनरावाले तेच तुले. दोन हंगाम तुही गाडी या बाजारात सुटनार नाही. किसनरावाची जागा मोकळी करून दे. तुह्या गाड्या उभ्या राह्यतात थे त्याचीच हाय."

खरं आहे. तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी मी तिथे गाड्या लावल्या होत्या.

मी घरी पोचायच्या आधी गुलनार कौशल्येकडे पोचली होती. दारातच कळलं. कौशल्येने मला पाणी दिलं, जेवण वाढलं. जेवून उठलो तर ती गाठोडं बांधत होती. भाऊबिजेचं ताटही आत घातलं होतं. म्हणाली, "बीज गेली तं गेली. मी जातो. तुमी अकोल्यापर्यंत या. पुढं त्यानं बोलावलं तं या."

सूर्यभान


अकोला, कार्तिक वद्य प्रतिपदा

किसनराव,

हे पत्र गाडीच्या अर्धा दिवस पुढे, माणसाहाती पाठवतो आहे. मी अकोल्याला जठारपेठेत एका ओळखीच्या दलालाच्या ओसरीवर उतरलो आहे. तो सारखा विचारतो, कामकाज काय काढलं? मी म्हणतो, हवापालट. तो म्हणतो, अकोल्याले हवा पालटाले कोनी येते काय? तिसऱ्यांदा त्याने विचारलं तेव्हा मी बाहेर जाऊन त्याचे बैल मोजून आलो.

एक सांगायचं राहिलं. वाट वाकडी करून आम्ही बडनेऱ्याला गेलो होतो. आगगाडीचा रस्ता घालून राहिले तिथे, भरावावर हजार माणूस आहे. नत्थुजीला शोधायला अर्धा दिवस लागला. खडी फोडतो. डाव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, रेच्यावरचा त्याचा हात आठवतो ना तुम्हाला. सोबतचे लोक त्याला भेसळ्या म्हणतात. नाव अमरावतीहून त्याच्या मागोमाग तिथवर गेलं.

मी त्याच्यापुढे उभा राहून सगळं सांगितलं. त्याने हातोडी खाली ठेवली नाही.

"मले कायले सांगता, सूर्यभानजी? मले तं ठाऊकच होतं मी पानी मारलं नाही म्हनून."

"मंग किसनरावाले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं. पाय धरून सांगितलं. थे म्हने, माह्या भाटव्यानं मोजलं, थो आपल्याच मान्साचं वाईट करन काय?"

कौशल्या गाडीतून उतरली, त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली आणि म्हणाली, "नत्थुभाऊ, बसा गाडीत." तो बसला. वाटेत तीन मुक्कामांत माझ्याशी चार वाक्यं बोलला, त्यातली तीन बैलांबद्दल होती.

किसनराव, माझा गुन्हा माझ्याकडे आहे. पंचांनी दिलेले दोन हंगाम मी भोगीन, तुमच्या जागेवरच्या गाड्या काढल्या आहेत, आणि तुम्ही परत यावं की न यावं हे सांगायचा मला हक्क नाही. पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून एका माणसाला दारातून काढलंत, तेवढं तुमच्याकडेही आहे. हे लिहायला मी कोण, असं म्हणाल. मी नाही लिहिणार तर कोण लिहिणार? त्याच्यावर आळ आणणारी मोजणी माझी होती.

नत्थुजी वेशीवर उतरतो म्हणून बसलाय, वाड्याशी येत नाही म्हणतो. कौशल्येने त्याला बजावलं आहे, पण तो पुरुषमाणूस, उडी मारली तर ती काय करणार? तेव्हा गाडीच्या घुंगरांचा आवाज आला की तुम्ही वेशीपर्यंत चालत या. बहीण दिसली की तुम्ही तिच्याकडे धावाल, मला माहीत आहे. धावू नका. ती थांबेल, दोन वर्षं थांबलीच आहे. आधी त्याला हाताला धरून खाली उतरवा आणि घरात न्या. डाव्या हाताला धरू नका, दुखतो.

मी इथे ओसरीवर आहे. तुमचं बोलावणं न आणता परतीची गाडी रिकामी आली, तर मी ती रिकामी म्हणूनच मोजीन आणि अमरावतीला जाईन.

सूर्यभान